दोन ओळींची बातमी

कायद्याच्या ग्रंथपालांच्या विभागीय मेळाव्यात चहा पिताना शिंदेबाई कागदी रुमाल अंगठ्याने मधून कडेकडे दाबत होत्या. कायदा बदलला की पुस्तकात दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवताना आमचा अंगठा असाच फिरतो, खाली काही फुगलेलं राहू नये म्हणून.

त्यांचे यजमान गेले, तेव्हा आमच्या ग्रंथपाल संघाच्या वार्तापत्रात ती बातमी मीच दोन ओळींत बसवली. छापून आली आणि मला भेटून आल्यासारखंच वाटलं. मी त्यांच्याकडे गेले नाहीच. दुसऱ्यांची सुखदुःखं ओळींत बसवता बसवता माणूस कधी कोरडा पडतो, कळत नाही.

"त्याच अंकात ग्रंथालयाच्या नव्या पंख्यांना चार ओळी दिल्यात हो, ताई," त्या हसून म्हणाल्या.

मग मी खरं ते बोलले. "मला आतून काहीच होत नव्हतं, बाई. कोणत्या तोंडाने येणार?"

त्यांनी रुमालावरचा अंगठा उचलला. "मला तरी कुठे काय होतंय? रविवारी या. नुसत्याच बसू."