मांडीवरचा कॅन

लॅबच्या बाकावर मी मांडीवर कॅन घेऊन बसलो, तर शेजारच्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. कॅनमध्ये माझी दिवसभराची लघवी होती. मूत्रपिंडावर गाठ होऊन तिच्यातून हार्मोन झरतंय का, ते त्या लघवीवरून कळणार होतं. असले साहेब स्वतःच्या पोटात तेच घेऊन बसतात आणि नाक मात्र दुसऱ्यापुढे मुरडतात! कामावर छाती धडधडून मला घाम फुटला, की आमचा सुपरवायझरही असाच तोंड वाकडं करून म्हणायचा, "सातवीत शाळा सोडलीस, नाटकं बरी शिकलास!" या परक्या शहरात खोलीवरच्या बशीरभाईंनीच काय तो बर्फ आणून, लघवी खराब होऊ नये म्हणून कॅन त्यात ठेवला, देव त्यांचं भलं करो.

"दादा, चहा, केळं काही घेतलं नाही ना? त्याने रिपोर्ट चुकतो," लॅबवाल्या ताईंनी विचारलं.

"नाही ताई."

रिपोर्टमध्ये गाठ निघेल अशी भीती होती. पण निघावी, असंही वाटत होतं. नाटकं नव्हती म्हणून त्या सुपरवायझरच्या तोंडावर फेकायला त्या रिपोर्टशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय?