चिठ्ठीवरचा दोनाचा आकडा

ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षांपासून गुपचूप वाचतोय. वाचतो आणि मनातल्या मनात हसतो, हेही कबूल करतो. आमचं घर वर्ध्याचं, बौद्ध. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही घरात बोललेलं वडिलांना चालायचं नाही. "पुरावा दाखव," एवढंच म्हणायचे. त्यात माझी नोकरी डॉक्युमेंट कंट्रोलरची, बहारीनमध्ये, मआमीरजवळच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे. दिवसभर कागदावरची चूक शोधायची आणि ती दुरुस्त करून घ्यायची, ह्याचाच मला पगार मिळतो. तेव्हा मी हे लिहितोय ते नाइलाज झाला म्हणूनच.

आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट भुताची कमी, माझ्या जळकेपणाची जास्त आहे. मी जळायचो संदेशवर.

संदेश आमच्याच गावाकडचा, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. इथे बहारीनला, अराद भागात, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. चार वर्षांपूर्वी त्याची बायको करुणा आजारपणात गेली. मूलबाळ नाही. आम्हाला वाटलं, हा आता गाशा गुंडाळून वर्ध्याला जाणार. ह्यानं काय केलं, तर एक जुनी फोर-बाय-फोर घेतली आणि दर ईदच्या सुट्टीत एकटाच निघायला लागला. समुद्रावरच्या पुलावरून सौदी, मग होफूफ, तिथून रब-अल-खालीच्या वाळवंटातून जाणारा तो रस्ता आणि शेवटी ओमानची बॉर्डर. मध्ये शेकडो किलोमीटर नुसती वाळू. टूर कंपनी नाही, सोबत कोणी नाही.

आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचे फोटो पडले की अंगठ्यांचा पाऊस. माझी बायको वैशाली ते फोटो मोठे करून करून बघायची. "पाहा जरा! नाहीतर तुम्ही. झल्लाकच्या बीचवर जायचं म्हटलं तरी तुम्हाला पार्किंगचं टेन्शन." मुलगी सांची मराठी ऐकते आणि उत्तर इंग्रजीत देते. तीही म्हणायची, "संदेशकाका इज सो कूल, बाबा." बाबा मात्र कूल नाही. बाबा फक्त शाळेत सोडायला.

एक घाण विचारही तेव्हा माझ्या मनात येऊन गेला होता, की ह्याला काय, घरी विचारणारं आहेच कोण! आज लिहितानाही लाज वाटते, पण आला होता.

शेवटी मी ठरवलं... मीही जाणार, त्याच रस्त्यानं, एकटाच. माझी छोटी सेडान त्या वाळूत न्यायची हिंमत नव्हती, म्हणून गाडी त्याचीच मागितली. मी नाही, वैशालीनं मागितली. करुणाच्या आजारपणात तिनं रोज डबा पोचवला होता, त्यामुळे तिला नाही म्हणणं त्याला जमेना. दुसऱ्याची गाडी बॉर्डरपलीकडे न्यायला मालकाचं लेखी पत्र लागतं, तेही त्यानं करून दिलं. पण चावी देताना नुसता घुटमळत होता.

"एक करजो," म्हणाला. "समोरच्या सीटवर सामान ठेवू नोको. मागं ठेव."

मी मनात म्हटलं, केवढा तो रुबाब! सीट कव्हर काय सोन्याचं आहे? पूल ओलांडायच्या आधीच मी माझी बॅग मुद्दाम उचलून पुढच्या सीटवर आपटली.

होफूफला मुक्काम केला आणि सकाळी लवकर निघालो. ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढत होतो, स्वतःशीच बडबडत होतो, गाणी मोठ्यानं लावली होती. शेवटच्या पेट्रोल पंपावर पाण्याची बाटली काढायला वळलो, तर बॅग मागच्या सीटवर. मीच ठेवली असेल, असं समजून पुढे निघालो.

दुपारी साडेतीनच्या सुमारास बॉर्डरवर पोचलो. मागेपुढे एकही गाडी नव्हती. आता तिथली पद्धत नीट सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. पहिल्या फाटकावरचा माणूस गाडीत बघतो आणि आत किती जण आहेत तो आकडा एका छोट्या चिठ्ठीवर लिहून देतो. पुढच्या काउंटरवर तितकेच पासपोर्ट तपासून चिठ्ठीवर शिक्का मारतात. शेवटच्या फाटकावर ती चिठ्ठी दिली की तुम्ही सुटलात.

मी काच खाली केली. एरवी ही माणसं चांगलं वाकून आत बघतात. ह्यानं एकदा बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. गाडीत बाईमाणूस असलं की इकडचे लोक घेतात ना, तशी. मग चिठ्ठी दिली. मी ती न वाचताच काउंटरवर सरकवली.

काउंटरवरच्या साहेबांनी माझा पासपोर्ट बघितला आणि हात पुढेच ठेवला. "मदाम का पासपोर्ट?"

"मदाम मफी, मदाम नहीं," मी म्हटलं. "मैं अकेला."

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे फिरवली. अरबी दोनाचा आकडा. ते स्वतः बाहेर आले, गाडीची चारही दारं उघडून बघितली, डिकी बघितली, खांदे उडवले. माणूस सज्जन होता. म्हणाला, बसा थोडा वेळ, मी माझ्या पातळीवर करून घेतो.

मला इथं भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा एकटा एवढ्या लांब आलो, आणि नेमकं तेच हे लोक मानायला तयार नाहीत! संदेशला नसेल कोणी असं अडवलं. तो एकटा, आणि मी म्हणजे दुकटा? शिवाय चुकीचा कागद तसाच पुढे जाऊ देणं माझ्या रक्तात नाही. मी चिठ्ठी उचलली आणि भर उन्हात तडक चालत पहिल्या फाटकावर गेलो.

"ये गलत है. वाहद. एक. मैं अकेला. इसको काटो."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मग लांब उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता वाद घालणार. पण नाही.

"पहले था," तो हळूच म्हणाला. "अभी मफी. खलास."

त्यानं दोनावर काट मारली, शेजारी एक लिहिला आणि सही केली. मी तिथल्या तिथे चिठ्ठीचा फोटो काढला आणि रेंज मिळाल्यावर ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सोलो! कागदोपत्री पुरावा!' अंगठे आले. वैशालीनं तर बदाम पाठवला. संदेशनं काहीच टाकलं नाही. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! म्हटलं, आता कळलं का, जळणं म्हणजे काय असतं?

ओमानमध्ये दोन दिवस हिंडलो. येताना त्याच रस्त्यानं आलो, चिठ्ठीवर मुकाट एकच लिहून मिळाला.

अरादला पोचलो तर संदेश पार्किंगमध्येच उभा. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या सीटचं दार उघडलं, सीटवर हात ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"आकडा कोणं खोडला?"

"मीच खोडायला लावला. चूक होती ना."

त्यानं चावी घेतली आणि वर निघून गेला.

पुढच्या ईदला तो पुन्हा निघाला. एरवी आठवडाभर जायचा, ह्या वेळी तिसऱ्याच दिवशी परत. ग्रुपवर एक फोटो नाही. संध्याकाळी वैशालीनं मला हाकललं, "जा, बघून या, बरं नाही वाटत त्यांचं." तो अरादच्या किल्ल्याजवळ, पाण्याकाठच्या फरसबंदीवर बसला होता. मी शेजारी बसलो. तो आपणहून बोलायला लागला.

"करुणाले लय हौस होती त्या रस्त्याची. मले कधी लीव्हच भेटली नाही. ते गेल्यावर पहिल्यांदा एकटाच गेलो. गेटवाल्यानं दोन लिहून देल्ले. मी म्हटलं, चूक झाली असन. दुसऱ्या खेपेलेही दोन. तिसऱ्या खेपेलेही दोनच. दर खेपेले गेटवाला येगळा."

"मग तू पुढे जायचास कसा?"

"काउंटरवाले गाडी पाहायचे, सगळं उघडून पाहायचे. तासभर उन्हात उभं करायचे. शेवटी कंटायून सोडून द्यायचे. मी उभा राहायचो. पण खोडायला नाही लावलं बापा, एकदाबी नाही."

मी विचारलं, ह्या वेळी काय झालं? त्यानं एक बोट वर केलं. त्या फाटकावरूनच गाडी वळवून तो परत आला होता.

मी म्हटलं, आपण दोघं जाऊ, मी त्या गेटवाल्याला शोधतो, मीच खोडायला लावलं होतं तर मीच सांगतो... तो नुसता मान हलवत राहिला. मग वळून त्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. ती नजर मी ओळखली. चार वर्षं त्याचे फोटो बघताना माझी तीच नजर असायची.

"तुह्यासंग ते एवढी दूरवर आली," तो म्हणाला. "दिवसभर बाजूले बसली. काही बोलली का रे?"

मी म्हटलं, नाही. खरंच नाही. गाणी मोठ्यानं लावली होती, मला काहीच ऐकू आलं नाही.

माझ्याकडे ह्या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही. गेटवाल्यांची चूक म्हणावं तर दर खेपेला तीच चूक, वेगवेगळ्या माणसांकडून, आणि तीही फक्त त्या गाडीला? योगायोग म्हणावं तर मी खोडायला लावल्यावर दोनाचा आकडा येणं थांबलं कसं? ह्या ग्रुपवर कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, वडिलांसारखा पुरावा मी मागणार नाही. संदेश अजून खालच्याच मजल्यावर राहतो. जिन्यात भेटला की नीट बोलतो, वैशालीची चौकशी करतो. आणि जाता जाता दर वेळी थांबून विचारतो, काही आठवलं का? मी नाही म्हणतो. माझं खरं त्याला अजून वाटत नाही. त्याला वाटतं, ती माझ्याशी बोलली, आणि मी सांगत नाही.