त्र्यंबकरावांचे तळपाय

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळींत त्र्यंबक बर्वे दोन गोष्टींसाठी ओळखले जायचे. कुणाकडेही गेले की चहा यायच्या आधी खिडकीच्या फटीवरून हात फिरवायचे, ही एक. दुसरी म्हणजे, कितीही थंडी पडो, घरात मोजे घालायचे नाहीत. बायकोनं, म्हणजे शोभाकाकूंनी, हौसेनं आणलेले लोकरीचे मोजे घडी न मोडता कपाटात पडून होते.

नकाशे काढायची नोकरी गेल्यावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी घरांची गळती तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम धरलं. गळती पाण्याची नव्हे, हवेची. नव्या घराच्या पुढच्या दारात मोठा पंखा घट्ट बसवायचा आणि आतली हवा बाहेर ओढायची. मग बाहेरची हवा मिळेल त्या भोकातून आत घुसते. किती घुसली ते काटा सांगतो. कुठून, ते माणसानं शोधायचं.

"दारात पंखा लावतात आणि भोकं मोजत हिंडतात," काकू मैत्रिणींना सांगायच्या. "इंजिनिअरिंग म्हणतात त्याला."

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात डेल नावाच्या बिल्डरचं घर दोनदा नापास झालं. तिसऱ्या खेपेला डेल दारातच उभा होता.

"टिम," तो म्हणाला. 'त्र्यंबक' त्यानं पहिल्याच दिवशी अर्ध्यावर सोडलं होतं. "आज भोक सापडलं नाही, तर पुढची सहा घरं तपासायला तुमच्या कंपनीला देत नाही."

ती सहा घरं गेली की आपली नोकरीही गेली, हे त्र्यंबकरावांना साहेबानं सकाळीच बजावलं होतं.

आधीच्या दोन्ही वेळी जमिनीवर कागद अंथरलेले होते आणि सगळे बुटांनिशी फिरत होते. आज कागद काढलेले. खाली ओक लाकडाची नवी जमीन, आरशासारखी. त्र्यंबकरावांनी आपल्या चिखलानं माखलेल्या बुटांकडे पाहिलं. दुसऱ्याच्या कोऱ्या घरात हे असे पाय ठेवायचे? जिवावर आलं. त्यांनी बूट काढले. मोजे बर्फाच्या पाण्यानं भिजलेले होते, तेही काढले.

"टिम, पोहायला निघालास का?" एक सुतार म्हणाला.

"तिथंच थांब रे, आणखी काही काढू नकोस," दुसरा म्हणाला.

पंखा घोंघावायला लागला. त्र्यंबकराव धुराची नळी घेऊन बाहेरच्या भिंतींशी तासभर फिरले. धूर शहाण्या मुलासारखा सरळ वर जात राहिला. काटा मात्र नापासच म्हणत होता. हताश होऊन ते बोळातून परत निघाले आणि बाथरूमच्या भिंतीशी थबकले. डाव्या तळपायावरून गार सुरीसारखं काहीतरी सरकलं होतं.

"ती आतली भिंत आहे," डेल म्हणाला. "पलीकडे बाथरूम आहे, अलास्का नाही."

"मला माहीत आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "पायाला माहीत नाही."

त्यांनी धूर खाली धरला. तो भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या लाकडी पट्टीच्या फटीपासून झटकन दूर उडाला. भिंतीतून खाली उतरणारी हवा वरूनच येत असणार, म्हणून ते तसेच अनवाणी शिडी चढून माळ्यावर गेले. तिथे गुलाबी कापसाची जाड गादी व्यवस्थित पसरलेली होती. ती उचलली तर खाली, बाथरूमच्या पाइपाभोवती, बादली जाईल एवढं भोक. प्लंबरनं ऐसपैस कापलेलं, कापूसवाल्यानं नीटनेटकं झाकलेलं.

"कापूस थंडी अडवतो, वारा नाही," त्यांनी वरूनच ओरडून सांगितलं. "पत्रा पाठवा."

पत्रा ठोकला, कडा पुट्टीनं बुजवल्या. पंखा पुन्हा लावला. काटा थरथरत खाली आला आणि पाहिजे तिथं थांबला.

डेलनं काटा पाहिला. मग पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"पुढचं घर मंगळवारी. तोवर मला दाखव, कुठं उभं राहायचं."

त्याच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्र्यंबकरावांनी वाकून तो नीट पाहिला.

"आधी हे बुजवू," ते म्हणाले, "मग भिंतीकडे जाऊ."

मंगळवारी शोभाकाकूंना कपाटात लोकरीचे मोजे दिसले नाहीत. अखेर नवऱ्याला अक्कल आली, म्हणून त्यांना बरं वाटलं. मोजे डेलच्या पायांत होते.