माझं पुस्तक कुठवर आलं?

डिलाईल रोडला आमच्या विहारात सत्काराला हार आणत नाहीत, पुस्तकं आणतात. रीत चांगली आहे. पण नात संख्याशास्त्राच्या एमएस्सीला लागली तेव्हा ह्या रीतीने आम्हाला जेरीस आणलं.

जो तो दुकानात गेला आणि वर ‘स्टॅटिस्टिक्स’ छापलेलं जाडजूड काहीतरी उचलून आला. कुणी कॉमर्सचं, कुणी नर्सिंगचं. तीन-चार तिच्या कामाची होती, पण प्रत्येकाची सुरुवात वेगळी, चिन्हं वेगळी. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं काही कळत नाही, पण डोळे आहेत. पोरगी ह्यातली दहा पानं वाचायची, मग त्यातली दहा. कारण पुस्तक देणारे तिला जिन्यात गाठायचे. “काय गं, माझं पुस्तक कुठवर आलं?” कुणाचं मन मोडू नये म्हणून ती सगळ्यांचा पहिला धडा वाचून ठेवायची. पहिल्या धड्यात पंडित झाली आणि कॉलेजच्या चाचणीत नापास.

सेमिस्टरची परीक्षा महिन्यावर आली. त्यातही नापास झाली तर शिक्षण बंद आणि मोबाइलच्या दुकानात कामाला, असं तिच्या बापाने सांगूनच टाकलं होतं.

“एक धर,” मी म्हटलं. “ज्याच्या मागे उत्तरं आहेत ते धर.”

“आजी, उत्तरं असली की मी आधी तीच बघते.”

“मग नसलेलं धर. पण धर बाई एकदाचं!”

मग तिने एकच गणित दोन-तीन पुस्तकांतून सोडवून पाहिलं. म्हणाली, एकात नुसतं सूत्र फेकलेलं, दुसऱ्यात ते कुठून आलं तेही सांगितलेलं. तिने दुसरं ठेवलं. बाकीची मी स्टुलावर चढून माळ्यावर टाकली. गुडघ्यांनी शिव्या घातल्या.

रविवारी विहाराचे सेक्रेटरी आले. नात खाटेवर ते एकच पुस्तक उघडून गणित सोडवत होती. तिथे नजर फिरवून ते म्हणाले, “माझं दिसत नाही ते?”

“माळ्यावर आहे.”

“माळ्यावर? अहो मावशी, अख्खी दुपार फिरून आणलेलं! पुस्तकाचा असा अपमान?”

“पहिल्या धड्यापुढे पान उलटत नव्हतं, तेव्हा काय मान होता? परीक्षा पोरीची आहे, तुमची नाही.”

त्यांनी आवाज चढवला. मीही चढवणार होते. तेवढ्यात नात मान वर न करता म्हणाली, “काका, जरा हळू. अर्धं गणित सुटलंय.”

ते आवाज उतरवून स्टुलावर टेकले. मी चहा विचारला नाही. विचारला असता तर आणखी बसले असते.