क्रुसापुढचा ग्लास

उकडलेल्या चण्यांचा वास आला की वाडीतली ती संध्याकाळ आठवते. क्रुसापुढची लदीनीची प्रार्थना आटोपून आम्ही चणे खात बसलो होतो आणि रिवाजाप्रमाणे फेणीचा एकच ग्लास सगळ्यांत फिरत होता. माझा क्षय तेव्हा पूर्ण बरा झाला होता. त्याचे जंतू खोकल्यातून पसरतात, ग्लासातून नाही, हे डॉक्टरांनी समजावलंही होतं. तरी माझी पाळी आली तेव्हा शेजारच्या काकांनी ग्लास हातातून सोडला नाही. “तुझो खोकलो गेलो मां रे?” त्यांनी हळूच विचारलं. “गेलो,” मी म्हणालो, आणि लगेच, “पण माका नको.” काकांचा चेहरा सैल झाला, ग्लास माझ्या पुढ्यातून पलीकडे गेला आणि मी खाली बघत चणे सोलत राहिलो. आता सगळ्यांनाच कागदी कप देतात. माझा हातात आला की इतरांचेही तसेच आहेत ना, हे मी आधी बघतो.