पायरीवरच्या चपला

नैरोबीला निघालो त्या सकाळी ट्रंक टांग्यात चढली होती, नव्या बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या, आणि आईने मला ठाकुर्लीच्या रेल्वे कॉलनीतल्या चर्चपाशी थांबवलं.

"बूट काढ आधी. मग प्रार्थना."

कल्याणहून गाडी चुकेल म्हणून बाबा घायकुतीला आलेले. आई ढिम्म.

जुन्या ठाकुर्लीकरांना आठवत असेल. सकाळची उपासना गोऱ्या साहेबांची, बाकांवर, बुटांसकट. दुपारची आमची, मराठी. आम्ही चपला पायरीवर काढायचो आणि बाकं रिकामी असली तरी खाली सतरंजीवर बसायचो. पॉवरहाऊसमधली मोजकी ख्रिस्ती घरं, सतरंजीसुद्धा भरायची नाही. साहेब विलायतेला गेले तेव्हा आईला वाटलं, चर्च आता आपलंच. टांग्यात बसताना म्हणाली, "लग्नाला परत ये. इथंच लावू."

मी नैरोबीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये रुळलो. नाकं मुरडत मक्याच्या पिठाची उगाली खायला शिकलो, भाजीवाल्याशी मोडक्या स्वाहिलीत घासाघीस करू लागलो. आणि बाबांनी कळवलं की चर्चचा कम्युनिटी हॉल झाला. भांडणार कुणाशी? साहेबांच्या बंगल्यांत नवी माणसं आली होती, त्यांच्या बारशा-मुंजींना जागा नव्हती. त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच जास्त लागलं.

लग्नाला आलो तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "तिथे आता विधी होणार नाही. ठाण्याच्या चर्चमध्ये लावू." आईने हात जोडून पाहिले. मी नुसताच शेजारी उभा. लग्न ठाण्याला लागलं, आणि जेवण कॉलनीतल्या सगळ्यांचं असतं तसं हॉलमध्ये.

वेदीच्या जागी नाटकाचं स्टेज, लाद्यांवर बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा. आई आत येईना.

"अहो वहिनी, चला ना, पानं वाढलीत!" शेजारच्या काकू पायरीवरून ओरडल्या.

सगळी कॉलनी लोटली होती. पंगतीला बसायचं म्हणून जो तो पायरीवर चपला काढत होता. पायरी भरली, मग खालची वाळूसुद्धा. आई बघत राहिली.

"एवढ्या चपला आपल्या उपासनेला कधी नव्हत्या रे," ती म्हणाली. मग स्वतःच्या चपला त्यांच्यातच काढून आत गेली. जेवली मात्र नाही.

इथे नैरोबीत कुणी घर कुठलं म्हणून विचारलं की मी अजून ठाकुर्लीच सांगतो. पण माझं घर म्हणजे ती पायरी, जिथे आई बूट काढायला लावायची.

बायकोला घेऊन परत निघालो तेव्हा आई सोडायला टांग्यात बसली. टांगा हॉलवरूनच गेला. आत मॅच रंगली होती. मी नाड्यांना हात घातला आणि आईकडे पाहिलं. ती समोर बघत होती. तिने टांगा थांबवायला सांगितलं नाही.