मनकर्णाआत्याने केलेली घाई

माझी मनकर्णाआत्या केजजवळच्या आमच्याच गावात दिलेली. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ती मामाबरोबर, म्हणजे तिच्या नवऱ्याबरोबर, सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला जायची. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम 'एक कोयता' म्हणतो. आत्या म्हणायची, "तुझ्या मामाची धार कवाच गेली. कोयता मी एकलीच हाय."

दुष्काळाच्या साली, गणपती बसायच्या आधी गावात गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचं शिबिर लागलं. टँकर यायच्या आत उरकेल म्हणून आत्या गेली. पुढे सिस्टरने निकाल सांगितला, "मावशी, पेशींत किंचित बदल दिसतोय. हा कॅन्सर नाही. पुष्कळ बायकांचं आपोआप नीट होतं. फक्त सहा महिन्यांनी परत तपासून घ्या."

एवढ्या सगळ्यातून आत्याने घरी एकच शब्द आणला, कॅन्सर.

"आगं, न्हाई म्हणली ना ती!" मी म्हणालो.

"बीए झालास म्हणून लई कळतंय का तुला? तोंडावर कोण खरं सांगतंय? भिमाबाईलाबी न्हाईच म्हणले होते."

भिमाबाई तिची जाऊ. ती गेली आणि तिची पोरगी सावत्र आईच्या हाताखाली आली. आत्याने ते रोज डोळ्यांनी पाहिलं होतं.

आत्याची सत्यशीला दहावीत होती. उसाच्या फडाचं वारं लागू नये म्हणून आत्यानेच तिला वसतिगृहात ठेवलेलं. तिथून तिला आणली.

"परीक्षा तरी होऊ दे," मामा म्हणाला.

"तवर मी आसन का? माझ्या डोळ्यांदेखत उजवून टाकते."

चातुर्मासात लग्नाचा मुहूर्त नसतो. आत्याने तोही काढायला लावला. सासरही ऊसतोडीचंच. दिवाळी झाली तेव्हा सत्यशीला डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरत होती.

होळीनंतर आत्या परतली, तशी मी तिला ओढतच तपासायला नेली. निकाल आला. सगळं नीट होतं.

"पेढे वाटा, मावशी!" सिस्टर म्हणाली.

आत्या म्हणाली, "माझ्या लेकीला आता परत शाळंत घेत्याल का?"

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं.

बाहेर येऊन मी सत्यशीलाला फोन लावून दिला. तिच्या सासरचे ज्या कारखान्याचा ऊस तोडत, तो अजून चालू होता.

"काई न्हाई निघालं गं मला," आत्या म्हणाली, आणि फोनवरच रडू लागली.

"लई बरं झालं, आई," पलीकडून सत्यशीला म्हणाली. "रडू नको. ठेवते, गाडी भरायचीय."